गरोदरपणातल्या इन्फेक्शनच्या टेस्ट: कधी करायच्या, सॅम्पल कसं द्यायचं आणि रिपोर्ट लेबर रूमपर्यंत कसा पोचवायचा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे, आणि ती चांगलीच आहे, आईच्या हातचं खायला मिळतं, चार माणसं अवतीभवती असतात. पण त्यात एक अडचण होते ती कुणी बोलत नाही. मुलगी असते डोंबिवलीला नाहीतर विरारला, सहा-सात महिने सगळ्या टेस्ट तिकडे होतात, मग ओटी भरली की कोकणकन्येत बसून कणकवलीला नाहीतर कुडाळला उतरते, सोनोग्राफीचे फोटो जपून आणलेले असतात पण युरिनचा आणि रक्ताचा रिपोर्ट तिकडेच कपाटावर. मग कळा सुरू झाल्यावर रात्री दोन वाजता सिस्टर विचारते की काही इन्फेक्शन निघालं होतं का गं, तेव्हा आई मुलीकडे बघते, मुलगी नवऱ्याला फोन लावते आणि नवरा म्हणतो थांब, बघतो.

मी तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सॅम्पल घेणं, जंतू वाढवायच्या प्लेटवर लावणं, रिपोर्ट टाईप करणं हे माझं रोजचं काम. कुठलं औषध घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच सांगणार, त्यात मी पडत नाही. पण टेस्ट कुठली मागायची, सॅम्पल वाया जाऊ नये म्हणून काय करायचं आणि तो कागद वेळेला हाताशी कसा ठेवायचा हे कुणी नीट समजावत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या आईला, सासूला, नवऱ्यालाही वाचायला द्या.

आधी हे कशासाठी ते सांगते. काही जंतू बाईच्या अंगात गुपचूप असतात, तिला ताप नाही, जळजळ नाही, काहीच नाही, आणि त्यांचा त्रास होतो तो बाळाला. कधी त्यामुळे दिवस भरायच्या आधीच बाळाभोवतीची पाण्याची पिशवी फुटते, बाळ कमी वजनाचं होतं, कधी बाळंत होताना जंतू बाळाकडे जातो आणि पहिल्या दिवसाच्या आतच बाळाला न्युमोनिया नाहीतर रक्तात इन्फेक्शन होतं. बाईला काही होत नाही म्हणून ती टेस्ट करत नाही, सगळी गोची तिथेच आहे.

युरिन, पण कुठली युरिन?

"युरिन झालीये की माझी" असं दहातल्या आठ जणी सांगतात. उपकेंद्रावर सिस्टर युरिनमध्ये पट्टी बुडवून बघते ती अल्ब्युमिन आणि शुगर. ती लागतेच, बीपीच्या त्रासासाठी फार महत्त्वाची आहे, पण तिच्यात जंतू कळत नाहीत. लॅबमध्ये युरिन रुटीन करतात त्यात पस सेल्स म्हणजे पू-पेशी दिसतात, म्हणजे अंदाज येतो. जंतू आहे का, कुठला आहे, किती आहे आणि कुठल्या औषधाला मरतो, हे फक्त युरिन कल्चर सांगतं, म्हणजे युरिनमधला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. चिठ्ठीवर "युरिन कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी" असं लिहिलेलं आहे का ते बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा की माझं कल्चर एकदा करायचं का. जागतिक आरोग्य संघटनेनेही गरोदर बायकांसाठी कल्चरच सांगितलंय. पहिल्या भेटीला, साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या आसपास ते व्हावं.

दर शंभरात दोन ते दहा गरोदर बायकांच्या युरिनमध्ये काही त्रास नसताना जंतू सापडतात. औषध केलं नाही तर त्यातल्या बऱ्याच जणींचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढतं, मग थंडी वाजून ताप, पाठीत कळ, उलट्या, ॲडमिट. आणि एवढा ताप आला की कळा लवकर सुरू व्हायची भीती असतेच.

आणि त्रास असेल तेव्हा काय होतं, तर आपल्याकडे म्हणतात उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत. प्या की, पाणी पोटात गेलेलं चांगलंच, पण गरोदर बाईला लघवीला जळजळ होत असेल, सारखं जावंसं वाटत असेल, ओटीपोटात दुखत असेल तर सरबताचा ग्लास हातात घेऊनच लॅबला या, आठवडाभर वाट बघू नका. आजी म्हणेल "काय एक होणा नाय गो, पोटात पोर असताना असाच होता". आजीचं निम्मं खरं आहे, शेवटच्या महिन्यात बाळाच्या दाबाने सारखी लघवी लागतेच, पण जळजळ त्यात बसत नाही.

आता सॅम्पल कसं द्यायचं. हे नीट वाचा, कारण आमच्याकडे जी कल्चर वाया जातात त्यातली बहुतेक इथेच वाया जातात.

बाटली लॅबमधूनच घ्या, निर्जंतुक, सीलबंद. जामची बाटली, खोकल्याच्या औषधाची बाटली गरम पाण्याने धुऊन आणतात काही जणी, ती कितीही चकचकीत दिसली तरी चालत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर निदान तीन-चार तास साठलेली. आधी हात साबणाने धुवा. मग खालची जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवा, मागून पुढे कधीच नाही, कारण शौचाच्या जागेचे जंतू पुढे येतात आणि मग रिपोर्टमध्ये तेच दिसतात. झाकण उघडलं की ते आतली बाजू खाली टेकवून कुठे ठेवू नका, आतून बोट लावू नका. एका हाताने त्वचा बाजूला धरा, सुरुवातीची थोडी लघवी तशीच जाऊ दे, मग मधली धार बाटलीत घ्या, अर्धी बाटली पुरते, उरलेली परत बाहेर. झाकण घट्ट, वर नाव आणि वेळ.

आणि वेळ म्हणजे खरोखर वेळ. दोन तासांच्या आत सॅम्पल लॅबमध्ये पोचायला हवं. वाडीतून सकाळी सहाला घेतलेली बाटली, मग नऊची एसटी, मग बाजार, मग अकराला लॅब, आणि तोपर्यंत ती पिशवीत एप्रिलच्या उन्हात, असं झालं की दोन-चार जंतू असतील त्याचे लाखो होतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसायला लागतं. उशीर होणारच असेल तर बाटली फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि येताना बर्फाच्या पिशवीसोबत आणा. माझं मत विचाराल तर लांबून येणाऱ्यांनी लॅबला येऊनच सॅम्पल द्यावं, आदल्या दोन-तीन तासांत लघवीला न जाता. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्यावं. मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन मग कल्चरला आलात तर प्लेट कोरी येते, जंतू मात्र आत तसाच.

आम्ही करतो काय, तर तारेच्या बारीक लूपने एक थेंब प्लेटवर ओढतो आणि ३७ डिग्रीला रात्रभर ठेवतो. दुसऱ्या दिवशी उघडलं की ई. कोलाय, म्हणजे युरिन इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू, असेल तर मॅककॉन्की नावाच्या प्लेटवर रेघेरेघेने गुलाबी ठिपके दिसतात, ते बघून एका मिलिलिटरला किती जंतू याचा हिशोब लागतो. एक लाख किंवा जास्त आणि एकाच प्रकारचा जंतू असेल तर ते इन्फेक्शन धरतात. "मिक्स्ड ग्रोथ" असा शेरा आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा सॅम्पल नीट घेतलेलं नसतं, परत द्या. पुढच्या दिवशी सेन्सिटिव्हिटी लागते, त्यात औषधांच्या नावापुढे एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे पडत नाही. म्हणून पूर्ण रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात, "आजच द्या ना" म्हणून जंतू लवकर वाढत नाही.

यादीत एस आहे म्हणून गरोदर बाईला ते औषध चालतंच असंही नाही हां. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही टाळतात, नायट्रोफुरँटॉइन मधल्या महिन्यांत देतात पण दिवस भरत आले की टाळतात कारण बाळाच्या रक्तपेशींना त्रास होऊ शकतो. म्हणून शेजारणीला दिलेली गोळी आपण घ्यायची नाही. डॉक्टर देतील तो कोर्स पूर्ण करा, बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका, आणि कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी परत कल्चर करा. ही दुसरी टेस्ट जवळजवळ कुणीच करत नाही आणि इन्फेक्शन परत येतं ते असंच.

सिफिलिसची टेस्ट

रक्ताच्या पहिल्या तपासणीत एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका आजाराची, टेस्ट असते, व्हीडीआरएल नाहीतर बोटातून रक्त घेऊन पट्टीवर. सरकारी दवाखान्यात फुकट होते आणि प्रत्येक गरोदर बाईची करायची असते, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. हाही जंतूच आहे, वारेतून बाळाकडे जातो, बाळ पोटातच दगावू शकतं किंवा जन्मतः आजारी येतं. आणि उपाय किती साधा, पेनिसिलिनचं इंजेक्शन. पण ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळायला हवं, म्हणून टेस्ट पहिल्या तीन महिन्यांत. पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याचीही टेस्ट आणि औषध लागतं, तो मुंबईला असो की बोटीवर, नाहीतर बायको बरी होऊन परत तोच जंतू घरात येतो. हे सांगताना लाजू नका, आणि सासरच्यांनी त्यावरून मुलीला एक शब्द बोलू नये.

आता जीबीएसचा स्वॅब

ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं तो जंतू म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, थोडक्यात जीबीएस. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात ज्या जीबीएसच्या बातम्या येत होत्या तो गुलियन बारे सिंड्रोम, नसांचा आजार, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. एका पेशंटच्या सासूबाई तेच समजून इतक्या घाबरल्या होत्या की रडायलाच लागल्या.

हा जंतू आतड्यात आणि योनीमार्गात राहतो. जगभरात बघितलं तर साधारण पाच-सहा गरोदर बायकांत एकीकडे तो असतो, तो घाणीमुळे येत नाही, नवऱ्यामुळे आला असंही नाही, तो येतो जातो. बाईला काही त्रास नाही. पण बाळंत होताना काही उपाय केला नाही तर अशा बायकांच्या निम्म्या बाळांच्या अंगावर तो जातो, आणि शंभरातली एक-दोन बाळं खरोखर आजारी पडतात, बहुतेक पहिल्या २४ तासांतच. आकडा लहान वाटतो, पण ते बाळ ज्या घरचं असतं त्या घराला तो लहान नसतो.

याची टेस्ट म्हणजे स्वॅब, कापसाच्या काडीवर घेतलेलं सॅम्पल, आणि ती ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे आणि ६ दिवस होईपर्यंत करतात. आधी का नाही, तर निगेटिव्ह रिपोर्ट साधारण पाच आठवडे धरता येतो, आणि पाचव्या महिन्यात नसलेला जंतू नवव्यात असू शकतो. म्हणजे आपल्या मुलींच्या बाबतीत ही टेस्ट मुंबईला होतच नाही, कारण तोपर्यंत त्या माहेरी आलेल्या असतात. ती इथेच करायची, आणि इथे तुम्ही विचारल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कुणी काढत नाही. सरकारी तपासण्यांच्या ठरलेल्या यादीत हा स्वॅब नाही. ब्रिटनमध्येही सरसकट सगळ्यांचा करत नाहीत, जोखीम बघून औषध देतात. अमेरिकेत २००२ पासून सगळ्यांचा करायचा असं ठरलं, आणि तिथे पहिल्या आठवड्यातला हा आजार १९९० ला हजार बाळांमागे १.८ होता तो २०१५ पर्यंत ०.२३ वर आला. मला विचाराल तर परवडत असेल आणि जवळ लॅब असेल तर करून घ्यावा.

पण बरोबर करून घ्यावा. चिठ्ठीवर नुसतं "व्हजायनल स्वॅब" लिहिलं की आत खोलवरून सॅम्पल घेतलं जातं, तो पांढऱ्या पाण्यासाठीचा स्वॅब. जीबीएससाठी योनीच्या तोंडाजवळचं आणि मग त्याच काडीने गुदद्वाराच्या थोडं आतलं, असं दोन्ही घ्यायचं असतं, आत काही यंत्र घालावं लागत नाही, कापसाची बारीक काडी आणि अर्धा मिनिट. दुखत नाही, थोडं अवघडल्यासारखं होतं एवढंच. लाज वाटत असेल तर सिस्टरने समजावल्यावर बाई स्वतःही घेऊ शकते. चिठ्ठीवर "जीबीएस स्क्रीनिंग, ३६ आठवडे" असं स्पष्ट लिहून घ्या, कारण मग लॅबवाले तो स्वॅब आधी खास पातळ माध्यमात रात्रभर वाढवतात आणि मग प्लेटवर घेतात, नुसता प्लेटवर ओढला तर जंतू थोडा असेल तेव्हा सापडत नाही. लहान लॅब हे सॅम्पल ट्रान्सपोर्ट मीडियम भरलेल्या नळीत घालून कोल्हापूरला नाहीतर मुंबईला पाठवतात, त्याला दिवस जातात, पावसात घाट बंद असेल तर आणखी जातात, म्हणून छत्तिसावा पूर्ण झाला की लगेच.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही चिठ्ठीवर लिहायला सांगा. मग आम्ही क्लिंडामायसिनसारखं दुसरं कुठलं औषध लागू पडतं तेही बघून ठेवतो. लेबर रूममध्ये ते बघायला वेळ नसतो.

पॉझिटिव्ह आला तर काय? लगेच गोळ्या घ्यायच्या नाहीत. बऱ्याच जणींना आणि कधी कधी औषध देणाऱ्यांनाही हे पटत नाही, पण आत्ता गोळ्या घेऊन जंतू गेला तरी बाळंतपणापर्यंत परत येतो. उपाय एकच, कळा सुरू झाल्यावर किंवा पिशवी फुटल्यावर शिरेतून पेनिसिलिन नाहीतर अँपिसिलिन, दर चार तासांनी, बाळ होईपर्यंत. पहिला डोस बाळ व्हायच्या निदान चार तास आधी मिळाला तर संरक्षण चांगलं. हे चार तास डोक्यात ठेवा, पुढे त्यांचाच हिशोब आहे. ठरवून केलेलं सिझेरियन असेल, कळा नाहीत आणि पिशवी शाबूत आहे, तर या जंतूसाठी वेगळं अँटिबायोटिक लागत नाही, ऑपरेशनचं लागतं ते लागतंच. आणि पॉझिटिव्ह आहे म्हणून सिझेरियन करा असं मात्र नाही.

स्वॅबशिवायही औषध द्यावं लागतं अशा गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक घराने पाठ कराव्या: या गरोदरपणात कधीही युरिन कल्चरमध्ये जीबीएस निघाला असेल, आधीच्या बाळाला हे इन्फेक्शन झालं असेल, ३७ आठवड्यांच्या आधी कळा आल्या, पिशवी फुटून १८ तास झाले, किंवा कळांमध्ये १००.४ डिग्री किंवा त्याच्या वर ताप आला. पहिल्या दोन्ही गोष्टी तुमच्या कागदातच असतात.

पांढरं पाणी

गरोदरपणात पांढरं जाणं वाढतं, पातळ, वास नसलेलं, त्याची टेस्ट लागत नाही. माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, खाज, जळजळ असेल तर दाखवा. साबणाने, डेटॉलने, लिंबाच्या पाण्याने आतून धुऊ नका, चांगले जंतू मरतात आणि वाईट वाढतात.

पावसातला ताप

हे आपल्या भागापुरतं. लावणीच्या दिवसात गुडघाभर चिखलात गरोदर बायकाही उतरतात, आणि उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, जंतू पायाच्या चिरेतून आत जातो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर "भिजलीस म्हणून" असं म्हणून घरी झोपवू नका, त्याच दिवशी पीएचसी. आईला लेप्टो झाला तर बाळालाही धोका असतो. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या घेताना आशाताईला आधी सांगा की मी गरोदर आहे, त्या तुमच्यासाठी नाहीत. आणि जमलं तर त्या वर्षी लावणीला उतरूच नका, बाकीची माणसं सांभाळून घेतील.

कागद

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. मुंबईहून निघताना तिकडच्या डॉक्टरांकडून सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स आणि एका पानावर थोडक्यात लिहून घ्या: रक्तगट, एचआयव्ही, व्हीडीआरएल, युरिन कल्चर, काय निघालं, काय औषध दिलं, ॲलर्जी. गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आशाताईला भेटून उपकेंद्रात नाव नोंदवा आणि एमसीपी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड, दाखवा, मुंबईचं कार्ड इथेही चालतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे डॉक्टर भेटतात, तेव्हा हे सगळे कागद पुढे ठेवा आणि विचारा की माझा स्वॅब करायचा का आणि मी बाळंतपणाला नक्की कुठे जायचं. ग्रामीण रुग्णालय चालेल की रत्नागिरीला सिव्हिलला नाहीतर ओरोसला सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, हे तेव्हाच ठरलं पाहिजे.

मग एमसीपी कार्डाच्या वरच्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहा, "जीबीएस पॉझिटिव्ह, कळा सुरू होताच अँटिबायोटिक" किंवा "युरिन कल्चर ई. कोलाय, कोर्स पूर्ण, परत निगेटिव्ह". खाली तारीख. प्रत्येक रिपोर्टचा फोटो काढून तो तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, मुलीच्या, आईच्या आणि जो गाडी चालवणार त्याच्या. नुसता मुलीच्या फोनमध्ये असला तर कळांमध्ये तो फोन कुणाला उघडता येत नाही. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळंतपणाच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा, दुपट्यांच्या खाली नाही. आणि लेबर रूममध्ये शिरताना सिस्टरने विचारायची वाट बघू नका, आपणच सांगा.

पिशवी फुटली तर

कळा नसल्या तरी निघायचं. "अजून कळा कुठे आहेत, सकाळी बघू" हे वाक्य आपल्या घराघरात ऐकलंय मी. पाणी गेल्यापासून घड्याळ सुरू होतं, जितका उशीर तितके जंतू वर चढतात. किती वाजता फुटली ती वेळ कार्डावर लिहा, पाण्याचा रंग बघा, हिरवट असेल किंवा वास असेल तर आणखी घाई. कापड नको, स्वच्छ पॅड लावा. १०२ नाहीतर १०८ ला फोन करा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात दवाखान्यात नेणं-आणणं, बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या सगळं सरकारी ठिकाणी मोफत आहे, २०११ पासून.

जीबीएस पॉझिटिव्ह असाल आणि वाडी आत डोंगरात असेल, गाडी यायलाच तास लागत असेल, तर ते चार तास कसे मिळणार याचा विचार आधीच करा. जुलै-ऑगस्टची तारीख असेल, साकव पाण्याखाली जात असेल, रस्त्यावर दरड येत असेल, तर ३७ आठवड्यांनंतर तालुक्याच्या गावी कुणा नातेवाईकाकडे राहायला जा. यात कुणाला ओझं वाटायचं कारण नाही.

बाळ झाल्यावर

आई पॉझिटिव्ह असेल आणि अँटिबायोटिकला वेळ मिळाला नसेल तर डॉक्टर बाळाला दोन दिवस नजरेखाली ठेवतात. घरी जायची घाई करू नका, पाचवी पुजायला घरी पोचलंच पाहिजे असं काही नाही, देवी समजून घेईल.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे बाळ सगळ्या जंतूंपासून सुटलं असं नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला, त्यात आजारी बाळांच्या रक्तात जास्त करून असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय निघाले. त्यांना आईचा स्वॅब पुरत नाही, त्यांना हात धुणं लागतं. बाळाला उचलणाऱ्या प्रत्येकाने, अंघोळ घालणाऱ्या बाईने, अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने. बघायला येणाऱ्यांना बाळ हातात द्यायचं नाही, राग आला तर येऊ दे. नाळेला तेल, हळद, राख, पावडर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, ती आपोआप पडते. मध चाटवायचा नाही, मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ते फार धोकादायक असतात. गुटीही नको, सहाण कितीही धुतली तरी. चीक टाकून द्यायचा नाही, पहिल्या तासात पाजायचा.

नवजात बाळाचं इन्फेक्शन मोठ्या माणसासारखं दिसत नाही, ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. बाळ नीट ओढत नाही, कालपर्यंत पीत होतं ते आज झोपूनच आहे, रडणं बारीक झालंय, कण्हतंय, झटके येतात, नाळेभोवती लाल झालंय किंवा पू आहे, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, यातलं एकही दिसलं की निघायचं. श्वास मोजायला शिका: बाळ शांत असताना झबलं वर करा, मोबाईलवर घड्याळ लावा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका कारण बाळाचा श्वास मधेच थांबतो मधेच पळतो. ६० किंवा जास्त आले तर परत एकदा मोजा, परत तेवढेच आले किंवा छाती आत ओढली जात असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, वाटेत बाळ आईच्या छातीला त्वचेला त्वचा लावून, वरून गुंडाळून. सिंधुदुर्गातले काही जण गोव्यात बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेतात, तेही ठीक, पण आधी जवळच्या दवाखान्यात दाखवून पहिलं इंजेक्शन देता येतं का ते विचारा.

लेबर रूममधल्या अँटिबायोटिकने पहिल्या आठवड्यातला आजार टळतो, नंतरचा नाही. जीबीएस सातव्या दिवसानंतर तीन महिन्यांपर्यंतही येऊ शकतो, कधी मेंदूज्वर होऊन. म्हणून बारसं झालं, बाळ मोठं झालं असं समजून ही लक्षणं विसरू नका. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, वजन करते, ताप बघते. तिला बाहेरच्या पडवीत चहा देऊन परत पाठवू नका, आत न्या, बाळ उघडं करून दाखवा.

आणि ती फाईल टाकू नका. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ती डॉक्टरांपुढे ठेवा. मागच्या बाळाला जीबीएसचा आजार झाला असेल तर पुढच्या बाळंतपणात स्वॅब न करता सरळ कळांमध्ये औषध देतात. बाळ ठणठणीत होतं, फक्त तुम्ही पॉझिटिव्ह होतात, तर पुढच्या वेळी परत असण्याची शक्यता साधारण निम्मी असते, तेव्हा ३६ व्या आठवड्यानंतर स्वॅब परत करायचा, आणि कुठल्याही कारणाने तो राहिलाच तर जुना रिपोर्ट सिस्टरला दाखवायचा, त्यावरूनही डॉक्टर औषधाचं ठरवू शकतात.